परक्या प्रोग्रामला कुंपण

प्रश्न : विद्यार्थ्यांचे प्रोग्राम लिनक्सवर सुरक्षितपणे चालवणारी लायब्ररी लिहितो आहे. घातक सिस्टिम कॉल तेवढे बंद केले तर पुरे का?
– एक वाचक, पोंभुर्णा, जि. चंद्रपूर

उत्तर : नाही. बंदीची यादी लिहिल्या दिवसापासून जुनी होऊ लागते, कारण कर्नल वाढतच राहतो. २०१९ मध्ये आयओ-युरिंग हे इनपुट-आउटपुटचे नवे तंत्र आले आणि २०२० च्या ५.६ आवृत्तीपासून त्यातून फाइलही उघडता येते. नेहमीचा ओपन कॉल होतच नाही, मग सेककॉम्पची, म्हणजे कर्नलमधली सिस्टिम कॉलची, गाळणी अडवणार काय? म्हणून परवानगीची यादी ठेवा, बाकी सारे बंद. आक्षेप असा, की त्याने चांगले प्रोग्रामही मोडतात. खरे आहे. २०२१ च्या जीलिबसी २.३४ या सी लायब्ररीने थ्रेडसाठी क्लोन३ हा नवा कॉल वापरताच डॉकरच्या जुन्या गाळण्यांत प्रोग्राम अडकले. पण दोष यादीचा नव्हता, नकाराच्या पद्धतीचा होता. ‘परवानगी नाही’ऐवजी ‘असा कॉलच नाही’ हा एरर मिळाला असता, तर जीलिबसी मुकाट जुन्या क्लोनकडे वळली असती. फाइलींवरच्या बंधनांसाठी कर्नल ५.१३ पासूनचे लँडलॉक जोडा. त्याला रूट लागत नाही. नव्या प्रत्येक कर्नलवर, जीलिबसीवर चाचण्या घ्यायला पुढची काही वर्षे वेळ देणार नसाल, तर ही लायब्ररी इतरांच्या हाती देऊ नका, बबलरॅप हे कुंपणाचे तयार साधन वापरा.