लॉरेन्स गावचा डॉक्टर

कॅलिफोर्नियात सोने सापडल्याची वार्ता पसरली आणि अमेरिकेच्या पूर्व भागातून माणसांचे लोंढे पश्चिमेकडे निघाले. १८४९ साली अशाच एका तांड्याबरोबर चार्ल्स रॉबिन्सन हे मॅसॅच्युसेट्समधील तरुण डॉक्टर निघाले होते. वाटेत कॅन्ससच्या माळावरील एका टेकडीवरून त्यांनी सभोवारचा हिरवागार प्रदेश पाहिला. तो मुलूख तेव्हा तेथील मूळ रहिवाशांचा होता. टेकडी मात्र डॉक्टरांच्या मनात राहिली.

१८५४ साली अमेरिकेच्या काँग्रेसने कायदा केला, की कॅन्ससमध्ये गुलामगिरी असावी की नसावी हे तेथे वस्ती करणाऱ्यांनीच ठरवावे. रॉबिन्सन गुलामगिरीचे कट्टर विरोधक. ते कॅन्ससला परतले आणि त्याच टेकडीच्या परिसरात लॉरेन्स हे गाव वसविण्यात पुढाकार घेऊ लागले.

पुढल्या मार्चमध्ये विधिमंडळाची निवडणूक झाली. शिरगणतीप्रमाणे मतदार होते २,९०५. मते पडली ६,३०७! शेजारच्या मिसूरी राज्यातून गुलामगिरीचे हजारो पुरस्कर्ते आले, मते टाकून परत गेले. हा हिशेब शाळकरी मुलालाही पटण्यासारखा नव्हता. तरी त्याच मतांवर विधिमंडळ बसले. रॉबिन्सन व त्यांच्या सोबत्यांनी ते मानले नाही. डॉक्टरांनी पूर्वेकडून बंदुकाही मागविल्या.

डिसेंबर १८५५ मध्ये मिसूरीच्या सशस्त्र टोळ्यांनी लॉरेन्सला वेढा घातला. गावाचे सेनापतिपद डॉक्टरांकडे आले. त्यांनी मातीचे तट उभारले, माणसांना कवायत दिली. पण एक हुकूम सक्त होता: आपणहून कोणी गोळी झाडायची नाही. अशात गावच्या बाजूचा थॉमस बार्बर हा शेतकरी वाटेवर मारला गेला. लोक खवळले. जॉन ब्राऊन तर लढायलाच उतावळे झाले होते. हाती बंदूक असून थांबणे फार कठीण. पण पहिली गोळी आपल्याकडून सुटली, तर साऱ्या देशात आपणच बंडखोर ठरू, हे डॉक्टर जाणून होते. त्यांनी गव्हर्नर शॅनन यांच्याशी बोलणी केली आणि ८ डिसेंबरला तह झाला. वेढा उठला.

संकट टळले, ते काही महिन्यांपुरतेच. मे १८५६ मध्ये राजद्रोहाच्या आरोपावरून रॉबिन्सन यांना अटक झाली. ते कैदेत असतानाच, २१ मे रोजी, लॉरेन्स लुटले गेले आणि टेकडीवरील त्यांचे घर जाळण्यात आले. सुमारे चार महिन्यांनी ते सुटले, तेव्हा राहायला घर नव्हते.

२९ जानेवारी १८६१ रोजी कॅन्सस गुलामगिरीमुक्त राज्य म्हणून संघराज्यात सामील झाले. रॉबिन्सन त्याचे पहिले गव्हर्नर झाले. पुढच्याच वर्षी सरकारी रोख्यांच्या विक्रीवरून त्यांच्यावर महाभियोग चालला. त्यातून ते निर्दोष सुटले.

त्या टेकडीवर पुढे कॅन्सस विद्यापीठ उभे राहिले. त्यासाठी रॉबिन्सन आणि त्यांच्या पत्नी सारा यांनी आपली जमीन दिली.