देवनगरीतील आमची शाळा

बँकॉक म्हटले की सोनेरी शिखरांची देवळे आणि कालव्यांतून हिंडणाऱ्या होड्या डोळ्यांपुढे येतात. दोन वर्षांच्या मुक्कामासाठी निघताना आम्हीही तेच चित्र मनात बाळगून होतो. देवळे आहेत, होड्याही आहेत. पण कालवे बुजवून केलेले रस्तेच फार. आम्ही गुंतलो ते मात्र तेथील भाषेत.

मुळात तेथील लोक आपल्या राजधानीस बँकॉक म्हणतच नाहीत. ‘पहिला राम’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या राजाने १७८२ साली चाओ फ्राया नदीच्या पूर्वतीरावर ही राजधानी वसविली. तिचे नाव क्रुंग थेप, म्हणजे देवांची नगरी. ‘थेप’ हा आपला ‘देव’च! संपूर्ण राजनाम तर एका श्वासात म्हणवत नाही. त्यात महानगर आहे, अयोध्या आहे, नवरत्ने आहेत. आणि ही नगरी शक्राने दिली, विश्वकर्म्याने उभारली, असे शेवटी सांगितले आहे.

वारांची नावे ऐकून आम्हांस संस्कृतचा तास आठवला. रविवार तो ‘आथित’, सोमवार ‘चान’, मंगळवार ‘आंखान’, शुक्रवार ‘सुक’. आदित्य, चंद्र, अंगार, शुक्र! लिहिताना ते ‘चन्द्र’ची सारी अक्षरे इमानाने लिहितात, शेवटच्या अक्षरावर एक बारीक खूण करतात, की हे लिहावे, उच्चारू नये. आपल्या पाय मोडलेल्या अक्षराचीच ही दूरची बहीण म्हणावी काय? शिक्षक तो ‘ख्रू’, म्हणजे गुरु; अन्न ते ‘आहान’, म्हणजे आहार. ‘विद्युत्’पासून आलेला ‘वित्थयु’ हा शब्द मात्र नभोवाणीस लावतात.

एवढे कळल्यावर भाषा आपलीच आहे, असा आम्हांस गर्व झाला. तो पहिल्याच एप्रिलात उतरला. मातोश्रींना ताप भरला होता. दवाखाना जवळ आहे काय, असे आम्ही कोपऱ्यावरील फळवालीस विचारले. ती म्हणाली, “क्लाय.” त्याचा अर्थ ‘जवळ’ हे आम्हांस पाठ होते. म्हणून वाहन न करता भर उन्हात चालत निघालो. अर्ध्या तासाने मातोश्री एका दुकानाच्या पायरीवर बसल्या त्या उठेनात. ओठ पांढरे पडले होते. दुकानातील मुलाने धावत जाऊन तीनचाकी आणली, म्हणून आम्ही वेळेवर पोहोचलो.

थाई भाषेत स्वराचे पाच चढउतार आहेत. ‘क्लाय’ सपाट म्हटले तर दूर, उंचावरून खाली आणून म्हटले तर जवळ. संस्कृतची ओळख येथे काडीच्या उपयोगाची नव्हती.

आठ दिवसांनी मातोश्री बऱ्या होऊन स्वतः त्या फळवालीकडे गेल्या. तिने दूरच्या कळसाकडे हात करून एक ‘क्लाय’ म्हटले, आणि आपल्या टोपलीवर बोट टेकून दुसरे. मातोश्रींनी ते तेथल्या तेथे उचलले. आम्हांस महिना लागला.