करमाफीची बातमी आणि हातातलं बिल

खारघरमध्ये आम्ही रिसेलचं घर घेतलं ते २०२३ साली. त्या वर्षी बाजारात फार घाई होती. बेलापूर ते पेंधर मेट्रो आज सुरू होईल, उद्या सुरू होईल असं चाललं होतं, ती नोव्हेंबरात सुरू झालीही. उलव्याकडे विमानतळाचं काम दिसत होतं, शिवडी-न्हावाशेवा पूल पुरा होत आला होता. प्रत्येक एजंटच्या दुकानात एकच वाक्य कानावर पडायचं: ‘ताई, पुढच्या महिन्यात हा भाव मिळणार नाही.’

आम्हाला आवडलेलं घर साताऱ्याकडे गावी परतायला निघालेल्या एका निवृत्त गृहस्थांचं होतं. घर नीटनेटकं आणि कागदही नीटनेटके. फायलीत सोसायटीचं ना हरकत पत्र, शेअर सर्टिफिकेट, वीजबिलं आणि सिडकोच्या सेवाशुल्काच्या पावत्या तारीखवार लावलेल्या होत्या. मालमत्ता कराचं विचारलं, तर एजंट म्हणाला, ‘तो विषय कोर्टात आहे. माफ होणार आहे, पेपरात आलंय. इथे कुणीच भरत नाही.’ काकांनीही मान डोलावली. ते खोटं बोलत नव्हते. कॉलनीतल्या शेकडो घरांप्रमाणे तेही निकालाची वाट पाहत थांबले होते.

ताबा मिळाल्यावर आम्ही करनोंदीवर नाव बदलायला गेलो आणि थकबाकीचा आकडा समोर आला. १ ऑक्टोबर २०१६ पासूनचा कर आणि त्यावरची शास्ती मिळून पाऊण लाखाच्या घरात.

ही तारीख कुठून आली, हे खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेलमध्ये घर घेणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवं. पनवेल महापालिका १ ऑक्टोबर २०१६ला अस्तित्वात आली आणि सिडकोने वसवलेल्या या वसाहती तिच्या हद्दीत गेल्या. कराची बिलं मात्र २०२१च्या सुमारास घरोघर पोहोचली, आणि ती मागच्या तारखेपासूनची होती. मधल्या काळात बऱ्याच सेवा सिडकोच पुरवत होती आणि त्याचं सेवाशुल्क लोक भरत होते. ‘एकाच रस्त्याचे, एकाच गटाराचे पैसे दोनदा का द्यायचे?’ हा लोकांचा सवाल होता. मला तो आजही रास्त वाटतो. मोर्चे निघाले, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. पण दाद मागितली म्हणून कर थांबत नाही आणि शास्तीही थांबत नाही. स्थगिती मिळाली तरच थांबते. हा फरक कॉलनीतल्या बैठकांमध्ये पुरेसा स्पष्ट सांगितला गेला नाही, आणि त्याची किंमत साध्या माणसांनी मोजली.

शास्तीचा हिशेब सोपा आहे आणि म्हणूनच भीतीदायक आहे. महापालिका अधिनियमाखालच्या कराधान नियमांप्रमाणे मुदतीत न भरलेल्या रकमेवर दरमहा २ टक्के. वर्षाला २४. दहा हजारांचं बिल चार वर्षं पडून राहिलं, तर शास्तीच ९,६०० होते, म्हणजे मूळ कराइतकीच. बँकेतल्या ठेवीवर सात टक्के मिळाले तरी आपण खूश असतो. त्याच वेळी ड्रॉवरमध्ये पडलेला कागद तिप्पट वेगाने वाढत असतो.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. मालमत्ता कराचा बोजा मालमत्तेवर असतो. मालक बदलला म्हणून तो जुन्या मालकाच्या मागे जात नाही, घरातच राहतो. घराबरोबर खिडक्या-दारं येतात, तशी थकबाकीही येते. ती वसूल करायची झाली, तर महापालिका आज ज्याच्या ताब्यात घर आहे त्याच्याच दारात येणार.

आम्हाला तारलं ते करारातल्या एका ओळीने. आमच्या वकीलबाईंनी मसुद्यात लिहून घेतलं होतं, की ताब्याच्या तारखेपर्यंतचे सर्व कर आणि आकार, मग त्यांची मागणी आलेली असो वा नसो, विक्रेत्याने भरायचे. ‘मागणी आलेली असो वा नसो’ हे शब्द नसते, तर काकांशी बोलायला आमच्याकडे जागाच उरली नसती. तरीही ते बोलणं सोपं गेलं नाही. पेन्शनवर जगणाऱ्या माणसाकडे पैसे मागताना जीव कासावीस होतो. मूळ कर द्यायला ते तयार होते, शास्ती त्यांना अन्यायाची वाटत होती. त्यात दोन वर्षं गेली आणि त्या दोन वर्षांचीही शास्ती चढली.

मग २०२५च्या जुलैत पनवेल महापालिकेची अभय योजना आली. १८ जुलै ते १५ ऑगस्ट या काळात सगळी मूळ रक्कम भरणाऱ्याला शास्तीत ९० टक्के सूट. पुढे ३१ ऑगस्टपर्यंत ७५, १० सप्टेंबरपर्यंत ५० आणि २० सप्टेंबरपर्यंत २५. मी त्याच दिवशी काकांना फोन केला आणि दहा टक्के म्हणजे किती हे आकड्यात सांगितलं. त्यांनी त्यांच्या काळातला भाग पाठवला, आम्ही आमचा घातला आणि पहिल्या टप्प्यातच भरून टाकलं. आमच्या मजल्यावरच्या एका कुटुंबाला मी हेच सुचवलं होतं. निवडणूक जवळ आली आहे, आता शंभर टक्के माफी देतील, असं त्यांना कुणीतरी पटवलं होतं. ते थांबले. ९०चे ७५ झाले, ७५चे ५० झाले, आणि शेवटी त्यांनी घाईघाईने भरलं ते २५च्या टप्प्यात. त्या घरातल्या वहिनी शिवणकाम करतात. त्यांचे ते जास्तीचे पैसे आठवले की मला अजून वाईट वाटतं, म्हणूनच हे लिहायला बसले.

या सगळ्यातून गेल्यावर करसवलतीची कुठलीही बातमी मी चार प्रश्न विचारून वाचते.

ती कुठल्या शहराची आहे, हा पहिला. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर १ जानेवारी २०२२ पासून पूर्ण माफ झाला. ती बातमी वाशी-नेरुळच्या व्हॉट्सॲप गटांवर इतकी फिरली, की नवी मुंबईतही माफी झाली असं मानणारे लोक मला आजही भेटतात. नवी मुंबई ही वेगळी महापालिका आहे, दिघ्यापासून बेलापूरपर्यंतची. आणि खारघरला पत्त्यात नवी मुंबई लिहीत असले, तरी कर पनवेलचा आहे. एकाच लोकल मार्गावर दोन महापालिकांचे दोन नियम चालतात. घर पाहताना सगळ्यात आधी हेच विचारावं.

दुसरा प्रश्न: हा ठराव आहे की अंमलबजावणीचा आदेश? नवी मुंबई महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने २०१९ साली ५०० चौरस फुटांपर्यंत पूर्ण माफी आणि ५०१ ते ७०० पर्यंत ६० टक्के सवलतीचा ठराव केला. ठराव मंजुरीसाठी राज्य सरकारकडे जायचा होता. पण मथळ्यात ‘करमाफी मंजूर’ एवढंच राहतं. नेरुळला माझी मावशी सिडकोच्या छोट्या घरात राहते. तिने ते कात्रण देव्हाऱ्याशेजारच्या डब्यात जपून ठेवलं आणि बिल भरणं थांबवलं. बिलं मात्र येत राहिली. शेवटी मार्च २०२४मध्ये त्या महापालिकेची अभय योजना आली. २० तारखेपर्यंत शास्तीत ७५ टक्के, मग महिनाअखेरपर्यंत ५० टक्के सूट. मावशीला मी पहिल्या टप्प्यातच नेऊन भरायला लावलं. ‘अगं, पण माफ झालंय ना?’ हे ती पावती हातात घेईपर्यंत विचारत होती.

तिसरा: माफी नेमक्या कशाची? बिल हे एका कराचं नसतं. त्यात सामान्य कर असतो, पाणी आणि मलनिस्सारणाचे लाभकर असतात, वृक्ष उपकर असतो, शिवाय राज्य सरकारचा शिक्षण कर असतो. हा शेवटचा महापालिका फक्त गोळा करते, तो माफ करणं तिच्या हातात नाही. मुंबईतही २०१९मध्ये आधी केवळ सामान्य कराची सूट आली होती, बाकीचं बिल राहिलंच. ठाण्याने ५०० फुटांच्या घरांना दिलेली माफीही सामान्य करापुरती आहे. शास्तीचंही तसंच. पिंपरी-चिंचवडमध्ये २०२३ साली शास्ती माफ झाली, पण ती अनधिकृत बांधकामावर लावली जाणारी शास्ती होती, आणि त्यातही मूळ कर आधी भरायची अट होती. उशिरा कर भरल्याची शास्ती हे निराळं प्रकरण. ‘शास्ती माफ’ एवढे दोन शब्द वाचून कुणी खूश होऊ नये.

चौथा प्रश्न, अर्ज करावा लागतो का? पुण्याचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. स्वतः राहत असलेल्या घराला तिथे ४० टक्के सवलत होती, ती मध्यंतरी काढली गेली आणि २०२३ साली परत आली. पण ज्यांची सवलत काढून घेतली होती, किंवा ज्या घरांची नोंद २०१९नंतर झाली, त्यांना ‘पीटी-३’ नावाचा अर्ज पुराव्यांसह द्यावा लागला. हक्काची सवलत, पण अर्ज नाही म्हणून बिल पूर्ण. माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवांसाठी राज्याची २०२० सालची करमाफीची योजना आहे. तीही आपोआप बिलात उतरत नाही, कागद घेऊन जावं लागतं. आमच्या सोसायटीत एका वीरपत्नीला हे ठाऊकच नव्हतं. आपल्या इमारतीत कुणी असेल तर कृपा करून त्यांना सांगा.

क्षेत्रफळाबद्दल एक वेगळा इशारा. मुंबईची ५०० फुटांची मर्यादा चटई क्षेत्राची आहे, म्हणजे ४६.४५ चौरस मीटर. जाहिरातीतला आकडा बहुधा बिल्टअप किंवा सुपर बिल्टअप असतो. एजंट ‘साडेसहाशेचा फ्लॅट’ म्हणेल आणि त्याचं चटई क्षेत्र पाचशेच्या आतही असेल. उद्या तुमच्या शहरात अशी सवलत लागू झालीच, तर महापालिकेच्या नोंदीत काय लिहिलंय यावर सगळं ठरेल. तेव्हा करारातलं क्षेत्रफळ आणि बिलातलं क्षेत्रफळ आजच ताडून पाहा. तफावत दिसली तर लेखी अर्ज द्या. दोन छोटी घरं भिंत पाडून एक केलेली असतील, तर नोंद एक आहे की दोन, हेही बघा.

रिसेलचं घर घेणाऱ्यांनी टोकन देण्याआधीच मालमत्ता क्रमांक मागून घ्यावा. तो हातात असला की थकबाकी महापालिकेच्या संकेतस्थळावर स्वतः पाहता येते, एजंटच्या शब्दावर राहावं लागत नाही. सोसायटीचं ना हरकत पत्र मेंटेनन्सपुरतं असतं. सिडकोचं थकबाकी नसल्याचं पत्र सिडकोपुरतं. महापालिकेचं वेगळं मागावं लागतं. इथली जमीन सिडकोने भाडेपट्ट्याने दिलेली असल्याने सिडकोकडचं हस्तांतरण, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, वीजमीटर आणि महापालिकेची करनोंद अशा चार ठिकाणी नाव बदलायचं असतं. एक झालं म्हणून दुसरं होत नाही. करनोंदीसाठी नियमात खरेदीनंतर तीन महिन्यांची मुदत आहे. विकणाऱ्यानेही याकडे लक्ष द्यावं, कारण कळवलं नाही तर कराची मागणी त्याच्याच नावाने निघत राहते. थकबाकी निघालीच आणि सौदा मोडायचा नसेल, तर तेवढी रक्कम शेवटच्या हप्त्यातून रोखून ठेवा आणि पावती दाखवल्यावर द्या. बँकेचं कर्ज असेल तर ही गोष्ट बँकेला आधी सांगा, म्हणजे शेवटचा धनादेश त्या हिशेबाने निघेल.

आणि ज्यांना कर अन्यायाचा वाटतो त्यांनी काय करावं? लढावं. मीही या कराविरुद्धच्या सह्यांच्या मोहिमेत आहे. पण आपापलं बिल भरून लढावं. भरताना ‘हरकत राखून भरत आहे’ असं पत्र द्यावं आणि त्याच्या प्रतीवर आवक शिक्का घ्यावा. निकाल लोकांच्या बाजूने लागला, तर भरलेली रक्कम पुढच्या बिलांत वळती करून मागता येईल. करयोग्य मूल्यच चुकीचं लावलं असेल, तर नोटिशीत दिलेल्या मुदतीत लेखी हरकत नोंदवा. ती मुदत गेली की पुढे अपिलाची वाट फार अवघड होते, शिवाय अपिलासाठी वादातली रक्कम आधी जमा करावी लागते.

गावी किंवा परदेशी राहणाऱ्यांची घरं इथे भाड्याने असतात. त्यांच्या बिलांचं काय होतं, हा प्रश्न आमच्या सोसायटीत दर वर्षी उभा राहतो. भाडेकरू बिल टपालपेटीत तसंच ठेवतो आणि मालकाला वाटतं, बिल आलंच नाही. बिल पोहोचलं नाही ही सबब महापालिकेत फारशी चालत नाही. आम्ही आता एप्रिल आणि ऑक्टोबरात सगळ्या सदनिकांचे मालमत्ता क्रमांक सूचनाफलकावर लावतो आणि बाहेरगावच्या मालकांना सेक्रेटरी फोन करतात. करनोंदीत स्वतःचा मोबाइल नंबर घालून घ्यायला सांगतात. पहिल्या वर्षी अर्ध्याहून जास्त नोंदींत नंबर बिल्डरच्या ऑफिसचाच निघाला होता.