रेल्वे आणि विमान : प्रवाशाच्या बाजूने एक तुलना

आजचे युग हे गतीचे युग आहे, असे आपण निबंधात नेहमी लिहितो. शाळेत असताना मीही ते वाक्य लिहिले होते आणि गुरुजींनी त्याखाली शाबासकीची रेघ ओढली होती. तेव्हा आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावाहून मी वर्ध्याच्या पलीकडे गेलेलो नव्हतो. गेल्या वर्षी मात्र बाबांच्या आजारपणामुळे मुंबईला तीन खेपा झाल्या. त्या जाण्यायेण्यात पाच वेळा रेल्वेने आणि एकदा विमानाने प्रवास घडला. त्या अनुभवाच्या आधारे या दोन वाहनांची प्रवाशाच्या दृष्टीने तुलना करावी, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. यंत्राच्या दृष्टीने कोण श्रेष्ठ, हा प्रश्न येथे घेतलेला नाही.

प्रथम थोडा इतिहास पाहू. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही सुमारे ३४ किलोमीटरची वाट आपल्या देशातल्या पहिल्या प्रवासी गाडीने तोडली. १८६७ साली हा लोहमार्ग नागपूरपर्यंत आला. विमानाचा आरंभ पुष्कळ नंतरचा. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला विमान आणले, त्यात टपाल होते. १९४९ साली रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली, तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपुरात एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि परत फिरत. म्हणजे विमान आमच्या भागाला नवे नाही. नवा आहे तो त्यात बसणारा आमच्यासारखा प्रवासी.

वेळ

वर्धा ते मुंबई हे अंतर रेल्वेने सुमारे ७६० किलोमीटर आहे. विदर्भ एक्सप्रेसला त्यासाठी बारा ते साडेबारा तास लागतात. मुंबई ते नागपूर विमान दीड तासात येते. आकडे एवढेच पाहिले तर वाद संपला. पण प्रवासी स्थानकात किंवा विमानतळावर राहत नाही, तो घरी राहतो. तेव्हा मोजमाप उंबरठ्यापासून उंबरठ्यापर्यंत केले पाहिजे.

मुंबईत आम्ही दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरलो होतो. विमानाने परतलो त्या दिवशी सकाळी नऊला धर्मशाळा सोडली. टॅक्सी, तपासणी, वाट पाहणे यांत साडेतीन तास गेले. दुपारी दोनला नागपूर आले आणि तिथून मामांनी आणलेल्या गाडीने गावी पोचायला पाच वाजले. एकूण आठ तास झाले, त्यांतले दीड तास विमानात आणि साडेसहा तास विमानाबाहेर. रेल्वेने येताना संध्याकाळी साडेपाचला निघून दुसऱ्या दिवशी दहाला घरी पोचत असू. म्हणजे साडेसोळा तास. विमानाने वेळ निम्म्यावर आला हे खरे, पण सांगतात तसा आठपट वाचला नाही. शिवाय रेल्वेतली रात्र झोपेत जाते. ज्याला सकाळच्या कामासाठी जायचे आहे, त्याला तर रेल्वेने एकही दिवस मोडत नाही.

भाडे आणि जागा

शयनयान डब्याचे आमचे तिकीट पाचशे रुपयांच्या आत होते. त्यातही कर्करोगाच्या रुग्णास उपचारासाठी जातायेता शयनयान आणि वातानुकूलित तृतीय श्रेणीत भाडे पूर्ण माफ असते आणि सोबतच्या एका माणसास ७५ टक्के सवलत मिळते. रुग्णालयाचा ठरावीक नमुन्यातला दाखला मात्र खिडकीवर द्यावा लागतो. ही माहिती आमच्या गावात कुणालाच नव्हती. पहिल्या खेपेस आम्ही पूर्ण भाडे भरले. म्हणून ती येथे मुद्दाम लिहीत आहे. कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

विमानाचे भाडे दिवसागणिक बदलते. आम्हाला प्रत्येकी ५,४०० रुपये पडले. तेच तिकीट दोन महिने आधी काढले असते तर बरेच स्वस्त मिळाले असते, असे मामा म्हणाले. पण आजारी माणसाला सुटी कधी मिळेल हे दोन महिने आधी कोण सांगणार?

येथेच दोन्ही वाहनांतला मोठा फरक लक्षात येतो. रेल्वेत जागेसाठी प्रतीक्षा यादी असते. विमानात वरवर पाहता तशी यादी दिसत नाही. पैसे मोजा आणि बसा. पण थोडा विचार केला म्हणजे कळते की तेथेही रांग आहेच, फक्त ती पैशाची आहे. रेल्वेच्या रांगेत जो आधी आला तो पुढे, विमानाच्या रांगेत ज्याचा खिसा जड तो पुढे. ही दुसरी रांग हळूहळू रेल्वेतही शिरत आहे. राजधानी, शताब्दी, दुरंतो या गाड्यांत २०१६ पासून जागा जसजशा भरतील तसतसे भाडे चढते.

परंतु रेल्वेची रांगही निर्दोष नाही. दिवाळीच्या सुमारास आमच्या परतीच्या तिकिटावर प्रतीक्षा क्रमांक १४३ होता. सवलतीने भाडे माफ होते, पण बाक मिळेलच असे नाही. त्यामुळेच आम्हाला विमानाचा विचार करावा लागला.

प्रकृती

विमान घाईच्या माणसासाठी असते, असा माझा समज होता. बाबांना कसलीच घाई नव्हती. त्यांच्याने फार वेळ बसवत नव्हते, एवढेच. विमानतळावर आधी कळवले होते म्हणून चाकाची खुर्ची आणि ती ढकलणारा एक मुलगा दारातच उभा होता. त्याने बाबांना थेट विमानाच्या दारापर्यंत नेले. याआधी एका मोठ्या रेल्वे स्थानकावर आम्ही अशीच खुर्ची मागितली होती. खुर्ची होती, पण ती कुलुपात होती आणि किल्लीवाला जेवायला गेला होता. मी बाबांना पाठीवर घेऊन पूल चढलो.

पण न्यायाने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. विमानात आडवे होता येत नाही. दीड तास बाबा दात आवळून बसले होते. रेल्वेत बाक मिळाला की माणूस पाय पसरून झोपतो. तो बाकही पूर्वी उघड्या फळीचा असे. मधु दंडवते १९७७ ते १९७९ या काळात रेल्वेमंत्री होते, तेव्हा दुसऱ्या वर्गाच्या शयनयानातल्या फळीवर गादी आली. बाबांना घेऊन पहिल्यांदा मुंबईला जाताना ते त्या गादीवर गाढ झोपले होते. कोणा एका मंत्र्याने केलेली दोन बोटे जाडीची सुधारणा चाळीसहून अधिक वर्षांनंतर एका शेतकऱ्याच्या दुखऱ्या पाठीखाली कशी येते, हे मी त्या रात्री पाहिले.

सामान

विमानात बहुधा १५ किलो सामान पोटात आणि ७ किलो हातात नेता येते. शयनयानात माणशी ४० किलो चालते. आम्ही दीड महिना मुंबईत हाताने रांधून खाल्ले होते, त्यामुळे स्टो, भांडी, अंथरुणे असा संसारच बरोबर होता. स्टो विमानात चालत नाही. तपासणीत बाबांच्या खिशातून अडकित्ताही निघाला. सुपारी सोडून त्यांना वर्ष झाले होते, पण अडकित्ता खिशातच राहिला होता. तो तिथेच ठेवावा लागला. बाबा मागे वळून एकदा त्याच्याकडे पाहून पुढे गेले.

विमानाची दोनच तिकिटे घेण्याइतके पैसे मामांनी उसने दिले होते. बाबांना उचलायला मी हवा होतो. आई म्हणाली, "तुमी दोघं जा. भांडे अन् स्टो मी आनतो गाडीनं." त्या संध्याकाळी तिने साध्या डब्याचे तिकीट काढले. साध्या डब्याला प्रतीक्षा यादी नसते. ती भुसावळपर्यंत दाराजवळ गाठोड्यावर बसून आली. तिथे एका बाईने सरकून तिला जागा दिली.

समारोप

आपल्या देशात रेल्वेने रोज सुमारे दोन कोटी माणसे जातात. त्यांतली निम्म्याहून अधिक उपनगरी गाड्यांतली आहेत. देशांतर्गत विमानाने रोज चार-पाच लाख जातात. एवढ्यावरून रेल्वे गरिबांची आणि विमान श्रीमंतांचे, असे म्हणून मोकळे होता येईल. पण माझ्या मते तुलना त्याहून वेगळी आहे. विमान हे ठरलेल्या माणसाचे वाहन आहे. ज्याची तारीख, सामान आणि पैसे आधी ठरलेले आहेत, त्याला ते उत्तम सेवा देते. रेल्वे ही न ठरलेल्या माणसाचीही आहे. ऐनवेळी निघालेला, गाठोडी घेतलेला, खिशात थोडेच पैसे असलेला असा कोणीही तिच्यात चढू शकतो. मात्र चढल्यावर त्याला माणसासारखे बसायला मिळत नाही, ही तिची उणीव आहे. तेव्हा विमानतळावरची खुर्ची आणि आदब रेल्वे स्थानकावर यावी आणि साध्या डब्यांची संख्या वाढावी. सामान्य प्रवाशाला विमानाच्या वेगापेक्षा याची गरज अधिक आहे.

आम्ही विमानाने आलो ते आईच्या सतरा तास आधी पोचलो. शेजारच्या काकूंनी पाठवलेली भाकर बाबांना गिळवली नाही. दुसऱ्या दिवशी दहा वाजता आई स्टो डोक्यावर घेऊन आली, हातपाय धुतले आणि तिने त्यांना पातळ आंबील करून दिली. ती त्यांनी सगळी प्याली. आता ते शेताच्या धुऱ्यापर्यंत चालत जातात. पुढच्या तपासणीला महिनाभर अवकाश आहे. या वेळी तिकिटे मी साठ दिवस आधीच, आरक्षण सुरू झाले त्याच सकाळी काढली आहेत. तिन्ही रेल्वेची आहेत आणि तिघांनाही बाक मिळाले आहेत.