'ब' जीवनसत्त्वाची गोळी आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग

कंग्राळीपासून बेळगावच्या बाजारपेठेपर्यंत कोणत्याही पेढीवर घटकाभर बसावे. गल्ल्याशेजारी रोजमेळ, चष्म्याचे घर आणि 'ब' जीवनसत्त्वाच्या गोळ्यांचे पाकीट या तीन वस्तू बहुधा एकत्रच आढळतात. थकवा आला, तोंड आले, पायांना मुंग्या आल्या, की गोळी घ्यावी, हा आपला जुना परिपाठ होय. अलीकडे त्यात आणखी एका समजुतीची भर पडली आहे. ही गोळी नियमाने घेतली असता कर्करोग, विशेषतः मोठ्या आतड्याचा, टळतो असे पुष्कळजण खात्रीने सांगतात. आम्ही वैद्य नाही. तथापि या समजुतीला आधार किती याचा शोध घेता जे हाती आले, ते सभासद बंधुभगिनींपुढे ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटते.

या विषयाचा एक धागा आपल्या मुंबईतच सापडतो. १९२८ साली डॉ. ल्यूसी विल्स या इंग्रज विदुषी मुंबईत आल्या. गिरणीत काम करणाऱ्या गरीब स्त्रियांना गरोदरपणी घातक पंडुरोग होई, त्याचे कारण त्यांना शोधावयाचे होते. निकस आहार हेच त्याचे मूळ असून, यीस्टचा अर्क, म्हणजे बाजारातील 'मार्माइट', दिला असता या स्त्रिया बऱ्या होतात, असे त्यांनी १९३१ साली प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य पुढे १९४१ साली अमेरिकेत पालकाच्या पानांतून वेगळे करण्यात आले आणि पानासाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून त्याला 'फॉलिक आम्ल' हे नाव मिळाले. १९४५ साली ते प्रयोगशाळेत तयार झाले. ज्या संस्थेत हे घडले तेथील संशोधनाचे सूत्रधार आपले आंध्रचे डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव होते.

याच सुब्बारावांच्या सहकार्याने पुढे जे घडले, ते आमच्या विषयाचे मर्म आहे. बोस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कर्करोगाने पीडित मुलांना फॉलिक आम्लाचे प्रकार देऊन पाहिले, तेव्हा रोग हटण्याऐवजी उलट वेगाने वाढत असल्याचे त्यांच्या नजरेस आले. मग त्यांनी याच आम्लाला विरोध करणारे द्रव्य वापरले. १९४८ साली त्यांनी लिहिले की १६ मुलांपैकी १० जणांना त्याने काही काळ आराम पडला. याचा अर्थ उघड आहे. शरीरातील प्रत्येक पेशीला दुणावताना फॉलिक आम्ल लागते. निरोगी पेशीला लागते तसेच रोगट पेशीलाही लागते. शेतात टाकलेले खत पिकाला पोसते, आणि तणालाही.

आता मोठ्या आतड्याकडे वळू. पालेभाज्या व कडधान्ये भरपूर खाणाऱ्या लोकांत हा कर्करोग कमी आढळतो, असे अनेक पाहण्यांत दिसून आले होते. त्यावरून, अन्नातील जीवनसत्त्व हितकर, तर गोळीतील अधिकच हितकर, असा तर्क करण्यात आला. प्रत्यक्ष प्रयोगाने तो पुरा झाला नाही. आतड्यातील गाठी काढून टाकलेल्या १०२१ व्यक्तींपैकी निम्म्यांना अमेरिकेत रोज १ मिलिग्रॅम फॉलिक आम्ल देण्यात आले. २००७ साली निष्कर्ष आला की नव्या गाठी थांबल्या नाहीतच. उलट पुढील तपासणीत तीन किंवा अधिक गाठी आढळण्याचे प्रमाण गोळी घेणाऱ्यांत दुपटीहून अधिक निघाले. हॉलंडमध्ये ६५ वर्षांवरील २९१९ जणांवर दुसरा प्रयोग झाला. त्यात रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल व ५०० मायक्रोग्रॅम ब-१२ दोन ते तीन वर्षे दिले होते. हेतू हाडे मोडण्याचे प्रमाण घटावे एवढाच होता. परंतु त्याच मंडळींचा पुढे मागोवा घेता, मोठ्या आतड्याचा कर्करोग गोळी घेणाऱ्यांत सुमारे पावणेदोन पट आढळल्याचे २०१९ साली प्रसिद्ध झाले.

एवढ्यावरून कोणी पाकीट उकिरड्यावर फेकू नये. २०१३ साली १३ प्रयोगांतील सुमारे ५०,००० लोकांचा एकत्रित हिशेब मांडला गेला, त्यात अशी लक्षणीय वाढ दिसली नव्हती. म्हणजे गोळीने कर्करोग होतोच असे सिद्ध झालेले नाही. गोळीने तो टळतो हे मात्र प्रयोगांत कोठेही दिसलेले नाही. जमेच्या बाजूस रक्कम नाही आणि नावेच्या बाजूस एक संशयित नोंद आहे, असे हे खाते होय.

आपल्या समाजाच्या बाबतीत मात्र या खात्याला दुसरे पान आहे. ब-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतीत जवळजवळ नसतेच. आपणांस ते दूध, दही, ताक यांतूनच मिळावयाचे, आणि दूध फार वेळ उकळल्यास त्यातलाही काही अंश नष्ट होतो. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी ४४१ मध्यमवयीन पुरुषांची रक्ततपासणी केली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत ६७ टक्के पुरुषांत ब-१२ कमी आढळले. तेव्हा आपल्यापैकी कित्येकांना ब-१२ ची खरोखरच गरज आहे. मधुमेहासाठी दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना तर विशेषच. गादीवर मांडी घालून बसल्याने पाय बधिर होतात असे आपण म्हणतो. ती बधिरता उठून चालल्यावरही जात नसेल, तर दोष गादीचा नसेल. येथे फॉलिक आम्लाचा आणखी एक धोका आहे. ब-१२ कमी असताना ते एकटेच घेतले, तर पंडुरोग सुधारल्यासारखा दिसतो आणि मज्जातंतूंची हानी आतल्या आत चालूच राहते.

आमच्या परिचयाच्या एका वयोवृद्ध व्यापाऱ्यांची हकीकत येथे सांगावीशी वाटते. त्यांना दम लागे, चेहरा पांढुरका पडला होता. शाकाहारी माणसाला अशक्तपणा यावयाचाच, असे सर्वांनी धरले आणि वर्षभर गोळ्या चालल्या. शौचावाटे अधूनमधून रक्त जाई, ते मूळव्याधीच्या खात्यावर पडले. अखेर दुर्बिणीने तपासणी झाली तेव्हा आतड्यातील गाठ बरीच वाढली होती. आम्हीही त्यांना गोळ्याच सुचविल्या होत्या, हे लिहिताना संकोच वाटतो. ब-१२ च्या अभावी रक्तातील तांबड्या पेशी मोठ्या होतात. रक्तस्रावाने लोह घटले की त्या लहान होतात. साध्या रक्ततपासणीत हा भेद बहुधा कळतो. दोन्ही कारणे एकत्र आल्यास आकार मध्यम दिसून फसगत होते. म्हणून गोळी सुरू करण्यापूर्वी रक्तातील ब-१२ व लोह दोन्ही मोजून घ्यावीत. शौचात रक्त, शौचाच्या सवयीत आठवडेच्या आठवडे टिकणारा बदल, किंवा कारणावाचून घटणारे वजन, यांपैकी काही दिसले तर गोळीवर विसंबून एक दिवसही घालवू नये. सरकारी तपासणी मोहिमेत मुख, स्तन व गर्भाशयमुख यांचेच कर्करोग धरलेले आहेत. आतड्याची चौकशी आपली आपणच करावी लागते.

मात्रेचाही हिशेब पाहावा. प्रौढ पुरुषास दिवसाला फॉलेट ३०० व ब-१२ केवळ २.२ मायक्रोग्रॅम पुरते, असे भारतीय वैद्यक संशोधन परिषदेचे २०२० चे कोष्टक सांगते. बाजारातील पुष्कळ मिश्र गोळ्यांत फॉलिक आम्ल १ ते १.५ मिलिग्रॅम असते, म्हणजे त्या अमेरिकन प्रयोगाइतके किंवा त्याहून जास्त. ज्याला फक्त ब-१२ कमी आहे त्याने वैद्याकडून तेवढेच लिहून घ्यावे. घरातील सुनांनी व लेकींनी मात्र हा लेख वाचून भलताच अर्थ काढू नये. गर्भधारणेपूर्वी व आरंभीच्या महिन्यांत फॉलिक आम्ल बालकाच्या पाठीच्या कण्यासाठी आवश्यकच आहे.

फॉलेटसाठी आपल्याला गोळीकडे जाण्याचे कारणही क्वचितच पडते. मार्कंडेय नदीकाठची भाजी रोज गोव्यापर्यंत जाते, ती आपल्या ताटात का नसावी? चातुर्मासात पालेभाजी वर्ज्य करणाऱ्या घरांत मूग, हरभरा, चवळी, मसूर ही उणीव भरून काढतात. फार वेळ शिजवून पाणी ओतून मात्र देऊ नये. निपाणीकर बंधूंनी राग मानू नये, पण धूम्रपानाचा आणि या कर्करोगाचा संबंध गोळीपेक्षा कितीतरी पक्का आहे. दिवसभर बैठक मारून बसण्याचाही आहे.

एक शंका अनेकजण विचारतात. औषधातील ब-१२ प्राण्यांपासून काढलेले नसते. ते जिवाणूंच्या साहाय्याने आंबवण क्रियेने तयार होते. परंतु कॅप्सूलचे वेष्टन बहुधा जिलेटिनचे, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून केलेले, असते. औषध विक्रेत्याकडे साधी गोळी मागावी, किंवा वेष्टन वनस्पतिजन्य आहे का ते पाकिटावर वाचून घ्यावे.