बंद मोटार ओढून नेताना

महाराष्ट्रात पावसाळा सरत आलेला असतो, तेव्हा चेन्नईत तो सुरू होतो. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी वारे बंगालच्या उपसागरावरून पाऊस आणतात. शहराची जमीन सपाट असल्याने पाण्याचा निचरा सावकाश होतो. डिसेंबर २०१५ मध्ये अड्यार नदीच्या पुराने अनेक वस्त्या बुडाल्या. डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग चक्रीवादळाच्या पावसात वेलाचेरी, मुडिचूर यांसारख्या भागांत उभ्या मोटारी पाण्याखाली गेल्या. या अनुभवामुळे ऑक्टोबर २०२४ मध्ये अतिवृष्टीचा इशारा मिळताच वेलाचेरीच्या रहिवाशांनी आपल्या मोटारी उड्डाणपुलावर नेऊन ओळीने उभ्या केल्या. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पाहिलेल्या मुंबईकरांना ही धडपड सहज समजेल.

पाणी ओसरले की मालकाच्या मनात पहिला विचार येतो तो चावी फिरवून पाहण्याचा. बहुतेक मोठे नुकसान याच क्षणी होते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. इंजिनाच्या नळकांड्यात पाणी शिरलेले असेल, तर दट्ट्या वर येताना अडतो आणि त्याला जोडलेला दांडा वाकतो. ओल्या जोडण्यांतून वीज खेळू लागली की इंजिनाचे नियंत्रण करणारा इलेक्ट्रॉनिक भागही निकामी होऊ शकतो. विमा कंपन्या अशा नुकसानीची भरपाई अनेकदा नाकारतात. इंजिनासाठी वेगळे संरक्षण घेतलेले असेल, तरच ती मिळण्याची शक्यता असते. म्हणून बुडालेली मोटार सुरू न करता मिस्त्रीकडे न्यावी लागते. चारही चाके वर उचलून नेणारी सपाट पाट्याची गाडी मिळाली, तर उत्तम. परंतु पुरानंतर अशा गाड्यांची वाट पाहण्यात दिवस जातात आणि मग चारही चाके रस्त्यावर ठेवून मोटार ओढण्याचा मार्ग उरतो. बोलीभाषेत याला टोचन करणे म्हणतात.

वीज तोडणे

टोचन करण्याआधी चावी काढलेली आहे याची खात्री करून बॅटरीची जोडणी सोडवावी. बहुतेक मोटारींत यासाठी १० नंबरचा पाना पुरतो. प्रथम ऋण टोकाची, म्हणजे वजा चिन्हाच्या बाजूची तार काढावी. मोटारीचा सारा लोखंडी सांगाडा ऋण टोकाला जोडलेला असतो. आधी धन टोक सोडवायला घेतले आणि पान्याचे दुसरे टोक सांगाड्याला टेकले, तर मोठी ठिणगी उडते. ऋण टोक आधीच सुटलेले असेल, तर हा धोका राहत नाही. काढलेल्या तारेच्या टोकाला कोरडे फडके गुंडाळून ते बाजूला बांधावे.

त्यानंतरच चावी घालून पहिल्या खाचेपर्यंत फिरवावी. चावीच्या मोटारीत सुकाणूचे कुलूप यांत्रिक असते. ते विजेशिवाय उघडते. हे कुलूप लागलेले राहिले, तर मोटार पहिल्या वळणावर सरळच जाईल. बटणाने सुरू होणाऱ्या काही मोटारींत मात्र सुकाणूचे कुलूप आणि हँडब्रेक दोन्ही विजेवर चालतात. त्या बुडाल्या असतील, तर ओढण्याचा प्रयत्न करू नये.

दिव्यांचा प्रश्न

बॅटरी तोडली की मागचे दिवेही विझतात. पावसाळी अंधारात मागून येणाऱ्या बसचालकाला ती मोटार दिसणार कशी? येथे सुकी आणि भिजलेली मोटार यांत फरक करावा लागतो. केवळ बिघाडाने बंद पडलेल्या सुक्या मोटारीचे चारही इशारादिवे एकदम लुकलुकत ठेवता येतात. प्रत्येकी २१ वॅटचे चार दिवे म्हणजे ८४ वॅट. १२ व्होल्टच्या बॅटरीतून ७ अँपिअर प्रवाह. दिवे निम्मा वेळच पेटत असल्याने सरासरी साडेतीन अँपिअर होते. ३५ अँपिअर-तासांची पूर्ण भरलेली बॅटरी हिशेबाने दहा तास पुरेल, अर्धी भरलेली पाच तास. तरीही ही सोय अपुरीच आहे. चारही दिवे लुकलुकत असताना डावीकडे वळायचे की उजवीकडे, हे मागच्याला कळत नाही. ओढणाऱ्या गाडीने ब्रेक दाबला तेही कळत नाही.

भिजलेल्या मोटारीसाठी दिव्यांची वेगळी फळी मागे बांधणे हाच खात्रीचा उपाय होय. तिला वीज पुढच्या गाडीतून येते. पाच तारा लागतात: मागचा दिवा, ब्रेक, डावा इशारा, उजवा इशारा आणि पाचवी सांगाड्याची. पाचवी तार ढिली राहिली, तर दिवे मंद जळतात किंवा भलताच दिवा पेटतो. तारा मोटारीच्या टपावरून न्याव्यात, वळणासाठी थोडा ढिलेपणा ठेवावा आणि प्रत्येक वाटेवर फ्यूज घालावा.

अमेरिकेत फिरत्या घरासारख्या मोठ्या वाहनामागे छोटी मोटार बांधून नेण्याची पद्धत आहे. तेथे अनेकदा मागच्या मोटारीचेच दिवे वापरतात; मात्र प्रत्येक तारेत डायोड बसवतात. डायोडमधून प्रवाह एकाच दिशेने जातो. त्यामुळे पुढच्या गाडीची वीज दिव्यापर्यंत पोहोचते, पण मागच्या मोटारीच्या इतर यंत्रणेत शिरत नाही.

रस्त्यावर

इंजिन बंद असल्याने ब्रेकला मिळणारी मदत दोन-तीन दाबांनंतर संपते आणि सुकाणूही जड होते. मागे परवानाधारक, सावध चालक हवाच. दोन गाड्यांतील अंतर ५ मीटरपेक्षा कमी, दोर ठळक दिसेल असा आणि वेग ताशी २० किलोमीटरच्या आसपास असावा. स्वयंचलित गिअरच्या बहुतेक मोटारींत वंगण फिरवणारा पंप इंजिनावर चालतो. विजेवरील मोटारीची चाके फिरली की तिची मोटरच वीज निर्माण करू लागते. या दोन्ही प्रकारांसाठी सपाट पाट्याच्या गाडीची वाट पाहावी, मग तीन दिवस लागले तरी चालतील.

पाठावर आधारित प्रश्न

१. ऋण टोकाची तार आधी का काढतात?
२. चावी फिरवण्यापूर्वी बॅटरी का तोडावी?
३. प्रत्येकी २१ वॅटचे दोन ब्रेकदिवे १२ व्होल्टवर किती प्रवाह घेतील?