गुंडीचा भाव आणि बाईचा रोज

लातूरला बी.कॉम. करणाऱ्या एका मुलीने प्रकल्पासाठी विषय निवडला : आपल्या भागातल्या कापड कामगारांची मजुरी. तिच्या उदगीरच्या मावशीचं अर्धं आयुष्य खादीच्या कामाचे हिशेब लिहिण्यात गेलं. तेव्हा पुस्तकं उघडण्याआधी तिने मावशीलाच गाठलं.

भाची : मावशी, नांदेड-लातूरचे कापड कामगार म्हटलं की सगळे मिलचंच सांगतात. मिल तर कधीच बंद पडली. मग आता कोण उरलं?

मावशी : मिल म्हणजे नांदेडची उस्मानशाही. निजामाच्या काळातली. पुढे ती राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि मग बंद झाली. तिथे हजेरीपट होता, महिन्याचा पगार होता, फंड होता. कामगार बहुतेक पुरुष. मिल बंद पडली तेव्हा किती माणसं घरी बसली ते गावाला दिसलं. पण आपल्याकडे कापडाचं दुसरंही काम चालत होतं आणि अजून चालतं. त्याला ना भोंगा ना फाटक, म्हणून ते कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. सूत कातणाऱ्या बाया, मागावर बसणारे विणकर आणि झेंडे शिवणारे कारागीर.

भाची : झेंडे म्हणजे आपला तिरंगा?

मावशी : हो. नांदेडला मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती आहे, १९६७ पासूनची. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली. निजामाच्या राज्यात तिरंगा फडकवला की तुरुंग ठरलेला. १५ ऑगस्ट १९४७ ला स्वामीजींनाही अटक झाली होती. ज्या भागात झेंड्यासाठी माणसं तुरुंगात गेली, त्याच भागात आज झेंडा तयार होतो. त्याचं कापड आपल्या उदगीरला विणतात, रंगवायला अहमदाबादला पाठवतात आणि कापणी, शिलाई, अशोकचक्र हे सगळं नांदेडला होतं. कर्नाटकात हुबळीजवळ बेंगेरीलाही असंच केंद्र आहे. देशात अशी केंद्रं मोजकीच.

भाची : म्हणजे एका झेंड्यात दोन जिल्ह्यांचे हात आहेत. पण त्या हातांना मिळतं किती?

मावशी : आधी मजुरी मोजतात कशी ते समजून घे, नाहीतर आकडा ऐकून फसशील. कातणारीला दिवसावर पैसे मिळत नाहीत, गुंडीवर मिळतात. एक गुंडी म्हणजे १,००० मीटर सूत. हल्ली आठ चात्यांचा चरखा असतो. एका हाताने चाक फिरवायचं आणि डोळा आठही धाग्यांवर ठेवायचा. एक धागा तुटला की थांबायचं, पेळू म्हणजे पिंजलेल्या कापसाची वळी सांधायची, पुन्हा चाक. तुटलेल्या धाग्याच्या वेळेचे पैसे कुणी देत नाही. पेळू ओबडधोबड आला तर धागा जास्त तुटतो आणि रोज घटतो. दोष कापसाचा, पण तोटा बाईचा.

भाची : आणि गुंडीचा दर?

मावशी : तो केंद्र सरकारचा खादी आयोग ठरवतो. २०१४ साली गुंडीला ४ रुपये होते. साडेसातावरून १० रुपये झाले ते १ एप्रिल २०२३ ला. २ ऑक्टोबर २०२४ पासून साडेबारा आणि १ एप्रिल २०२५ पासून १५.

भाची : म्हणजे अकरा वर्षांत जवळजवळ चौपट! ही तर चांगलीच वाढ झाली.

मावशी : वाढ झाली, ते मान्यच केलं पाहिजे. पण चौपट कशाच्या? वही काढ आणि मांड. सरावाची बाई दिवसभर बसून २० गुंड्या काढते असं धर. १५ रुपयांनी किती झाले?

भाची : ३०० रुपये.

मावशी : आणि रोजगार हमीचा २०२५-२६ सालचा महाराष्ट्राचा दर होता ३१२ रुपये. २०१४-१५ साली तो १६८ होता. आता ४ रुपयांच्या गुंडीने १६८ कमवायला किती गुंड्या लागत होत्या?

भाची : ४२! आणि आता ३१२ साठी... २१.

मावशी : हा हिशेब प्रकल्पात घाल. तेव्हा दिवसभर कातूनही बाईच्या हाती रोजगार हमीच्या निम्मेच पडायचे. आता कुठे बरोबरीला आली. म्हणजे ही सगळी वाढ तिला पुढे नेणारी नव्हती, मागची थकबाकी भरून काढणारी होती. आणि बरोबरी कुणाशी? रोजगार हमी म्हणजे अकुशल काम, कुणीही पहिल्या दिवशी करू शकेल असं. कातणारीचा हात बसायला महिने जातात. त्या हाताचं वेगळं मोल अजून धरलेलं नाही.

भाची : रोजगार हमीचा दर दरवर्षी वाढायचा ना?

मावशी : तिथेच खरा फरक आहे. तो दर दरवर्षी महागाईचा निर्देशांक पाहून नव्याने जाहीर व्हायचा. गुंडीचा दर कधी वाढेल याला नेम नाही. वाढला की बातमी होते, पण मधल्या वर्षांत डाळ-तेल महागत राहतं त्याची बातमी होत नाही.

भाची : कातणाऱ्या बहुतेक बायाच का असतात?

मावशी : देशभरात खादीचे कारागीर सुमारे पाच लाख. त्यांत ८० टक्क्यांहून जास्त बाया, असं आयोगच सांगतो. कारण उघड आहे. चरखा घराजवळ असतो. स्वयंपाक, लेकरं, पाणी सगळं उरकून बसता येतं. विधवा, टाकलेली, जिच्या घरी शेत नाही अशी, वयामुळे ज्यांना खुरपणीला वाकवत नाही अशा बाया इथे येतात. त्यांच्यासाठी हे काम आधार आहे, यात शंका नाही. पण बाई अडलेली आहे म्हणून दर कमी ठेवला तरी चालतो, ही सवय त्यातूनच लागली. घर सांभाळून केलेलं काम म्हणजे फावल्या वेळातलं, आणि फावल्या वेळातलं म्हणजे वरखर्चापुरतं, असं सगळ्यांनी धरून टाकलं. तिचं घर मात्र त्याच पैशांवर चालतं.

भाची : विणकर तरी पुरुष असतात ना?

मावशी : मागावर पुरुष दिसतो. पण मागावर सूत चढण्याआधी ताणा करायचा, पांजण म्हणजे खळ द्यायची, धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरायच्या. घरच्या मागावर कांड्या कोण भरतं? बायको, नाहीतर आई. मजुरी मीटरवर मिळते, एकाच्या नावाने. दोघांच्या कामाचा दाम एका नावावर पडला की तो मोठा दिसतो. देशाचं बघशील तर २०१९-२० च्या हातमाग गणनेत ३५ लाखांवर कामगार मोजले गेले, त्यांत २५ लाखांहून जास्त बाया निघाल्या. आसाम, मणिपूरकडे तर बाईच मागावर बसते.

भाची : आणि तरुण? माझ्या वयाचं कुणी येतं का या कामाला?

मावशी : फार थोडी. कशाला येतील? सोयाबीन काढणीच्या दिवसांत उक्तं काम घेतलं तर चार पैसे एकदम हाती येतात. तेव्हा कातणाऱ्या बायाही चरखा सोडून शेतात जातात. कंधार-मुखेडकडची जोडपी कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, मुलं पुण्याला कंपनीत लागतात. ऊसतोड सुखाची नाही, पण रोख उचल मिळते. विणकराचा मुलगा बापाची कमाई बघूनच मोठा होतो, त्याला वेगळं सांगावं लागत नाही. लोक म्हणतात तरुणांना कष्ट नकोत. मला हे पटत नाही. ऊसतोडीपेक्षा कष्टाचं काम कोणतं? तरुण कष्टाला भीत नाहीत, हिशेब करतात.

भाची : झेंड्यांचं काम तरी वर्षभर असतं का?

मावशी : त्याला हंगाम असतो. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि आपल्या मराठवाड्यात १७ सप्टेंबर, मुक्तिसंग्राम दिन. त्याआधी रात्रीचा दिवस करावा लागतो आणि एरवी मागणी थंडावते. नगावर मजुरी म्हटल्यावर मागणी थंडावली की कमाईही थंडावली. त्यात ३० डिसेंबर २०२१ ला ध्वजसंहिता बदलली. आधी झेंडा हाताने कातलेल्या, हाताने विणलेल्या कापडाचाच लागे. आता यंत्रावरचा आणि पॉलिस्टरचाही चालतो. घरोघरी झेंडा पोचावा ही इच्छा चांगलीच. पण यंत्र तासाला जेवढं कापड काढतं, त्याच्या शर्यतीत हाताला उतरवायचं आणि वर खादी महाग म्हणायचं, हे न्यायाचं नाही.

भाची : पण मावशी, मजुरी वाढवली की खादी आणखी महागेल आणि कुणी घेणारच नाही, असं म्हणतात. ते खोटं आहे का?

मावशी : हा वाद नव्वद वर्षांचा आहे. १९३५ साली गांधीजींनी म्हटलं की कातणारीला आठ तासांचे आठ आणे मिळाले पाहिजेत. तेव्हाचे कार्यकर्तेही घाबरले, खादी खपायची नाही म्हणून. अखेर त्या ऑक्टोबरात वर्ध्याला चरखा संघाने ठराव केला की आठ तासांच्या कामाची मजुरी निदान एवढी हवी, की तिच्यात पोटभर सकस अन्न आणि अंगभर कापड भागेल. आठ आण्यांपर्यंत काही कुणी गेलं नाही. पण तत्त्व मान्य झालं. दर बाजाराने ठरवायचा नाही, पोटाने ठरवायचा. वर्ध्याजवळच्या नालवाडीला विनोबांनी तर सूत कातून मिळेल तेवढ्यावरच जगायचा प्रयोग स्वतःवर केला. दर ठरवणाऱ्याने त्या दरात जगून बघावं, असा त्याचा अर्थ.

भाची : तत्त्व पटलं. पण सर आकडा मागतील. दर वाढवला तर शर्ट कितीने महागेल?

मावशी : तेही मांडू. ३३ अंकाचं सूत म्हणजे एका किलोत ३३ गुंड्या. एका शर्टाला पाव किलो कापड धर. किती गुंड्या लागल्या?

भाची : सव्वाआठ.

मावशी : १५ रुपयांनी कातणीचे झाले साधारण १२४. आता गुंडीला २० रुपये केले तर?

भाची : १६५. म्हणजे शर्टामागे फक्त ४१ रुपये जास्त! आणि २० गुंड्या काढणाऱ्या बाईचा रोज ३०० वरून ४०० होतो.

मावशी : बघ, तूच काढलंस. आता हे आयोगाच्याच आकड्यांशी ताडून बघ. २०१३-१४ साली खादीच्या कापडाची विक्री १,०८१ कोटी होती, २०२४-२५ ला ती ७,१४५ कोटींवर गेली. विक्री साडेसहा पट झाली आणि गुंडीचा दर पावणेचार पट. दर वाढत होता तेव्हा विक्री काही घटली नाही. मग मजुरीने खादी मरते हे कशाच्या जोरावर म्हणायचं?

भाची : कायद्याचं काय? किमान वेतन यांना लागू नाही?

मावशी : नगावर काम करणाऱ्यालाही वेळेच्या किमान दराहून कमी मिळू नये, हे १९४८ च्या किमान वेतन कायद्याच्या कलम १७ मध्येच होतं. कायद्याने नग आणि तास यांची सांगड घातली होती. पण चरख्यावर बसलेल्या बाईचे तास लिहितो कोण? गुंड्या मोजल्या जातात, तास मोजले जात नाहीत. मी स्वतः जी रजिस्टरं लिहिली त्यांत गुंडीचा रकाना होता, वेळेचा नव्हता. तास लिहिलेले नसले की कमी मजुरी मिळाली हे सिद्ध कसं करायचं?

भाची : मग प्रकल्पाच्या शेवटी मी काय लिहू? काय व्हायला हवं?

मावशी : तीन गोष्टी लिही. एक, गुंडीचा दर दरवर्षी ठरलेल्या तारखेला महागाईप्रमाणे वाढावा, घोषणेची वाट बघायला लागू नये. दोन, रजिस्टरात तासांचा रकाना हवा. पेळू आला नाही म्हणून, मागणी नाही म्हणून बाई किती दिवस बसून राहिली तेही लिहिलं जावं. तीन, घरी कांड्या भरणारीचं नाव कारागिरांच्या यादीत यावं आणि तिच्या वाट्याचे पैसे तिच्या खात्यात पडावेत. पैसे आता बँकेत जमा होतात हे चांगलंच आहे, पण ज्याचं नाव यादीत त्याचंच खातं.

भाची : आणि आपण काय करायचं? गिऱ्हाईक म्हणून?

मावशी : आपल्या दोन जिल्ह्यांतल्या ग्रामपंचायती, शाळा, कॉलेजं वर्षाला चार वेळा झेंडा लावतात. त्यांनी झेंडा हाताच्या कापडाचा घ्यावा आणि त्याची मागणी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात नव्हे, चार महिने आधी नोंदवावी. आधी मागणी आली तर काम बारा महिन्यांवर पसरतं आणि कारागिराला मधले महिने रिकामे बसावं लागत नाही. याला सरकारी निर्णय लागत नाही, नवी योजना लागत नाही. मुख्याध्यापकांचं आणि सरपंचांचं एक पत्र पुरतं. तुमच्या कॉलेजपासून सुरुवात कर. प्रकल्प सरांना देशील त्याच दिवशी प्राचार्यांना तसा अर्जही दे.